डोळ्यांदेखत काढलेलं दूध

माल्टा बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दूधवाला किटली घेऊन येत नसे, शेळ्याच घेऊन येत असे. कळप गल्लीत शिरायचा, बायका भांडी घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जायची. पाणी घालायला वाव नाही, शिळं असण्याची शंका नाही. याहून खात्रीचं दूध कुठं मिळणार?

त्याच दुधातून बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप जडत होता. तो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घामाने अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे, माणूस महिनोन्महिने खाटेवर पडून राहायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा काढला. पण जंतू येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कुणाला उमगलं नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टीज डॉक्टरला शेळ्यांच्या रक्तात त्याची खूण सापडली. शेळ्या चांगल्या धष्टपुष्ट, आजाराचं नाव नाही, म्हणून तोवर त्यांच्याकडे कुणाची नजर गेली नव्हती. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर खलाशांनी वाटेत ताजं दूध मनसोक्त प्यायलं, आणि त्यांतले बरेच जण याच तापाने फणफणले. १९०६ मध्ये सैन्याच्या जेवणातून शेळीचं दूध बंद झालं आणि छावण्यांतला ताप बघता बघता ओसरला. बेटावरचे रहिवासी मात्र दारातल्या धारेवरच विसंबून राहिले. त्यांच्या घरांत हा ताप पुढेही कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होता.

या आजाराला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. भारतातल्या गाई-म्हशी-शेळ्यांमध्ये तो अजूनही आहे, आणि गुरांचे डॉक्टर व गोठ्यात राबणारी माणसं यांना तो होतोही. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. पैलवानाच्या गोष्टीत तर ते हमखास असतंच. पण व्यवहारात आपल्या घरांनी काय केलं? दूध आलं की आधी चुलीवर. ते उतू जाऊ नये म्हणून एका माणसाचा जीव सकाळभर टांगणीला. पिशवीतलं दूध डेअरीत आधीच ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवून थंड केलेलं असतं, तरी आपण ते पुन्हा तापवतो. या सवयीने किती आजार टळले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण मला तरी ती धारोष्णाच्या महतीपेक्षा शहाणी वाटते.

माल्टाची गोष्ट आज सांगायचं कारण आहे. कच्चं, सेंद्रिय, रसायनमुक्त, ‘थेट शेतातून’ अशा पाट्यांमागे तीन वेगवेगळे प्रश्न असतात. यात भेसळ आहे का? यापासून अपाय होईल का? आणि यातून शरीराला जास्त काही मिळेल का? दारात धार काढणाऱ्या गवळ्याने पहिल्या प्रश्नाचं चोख उत्तर दिलं होतं. गिऱ्हाइकाने ते तिन्ही प्रश्नांचं उत्तर मानलं. आजचा बाजार नेमका याच गफलतीवर चालतो, आणि ती मुद्दाम करावीही लागत नाही, कारण गिऱ्हाईक ती आपली आपणच करतं.

दुधाचंच पुढे पाहू. न तापवलेल्या दुधात लॅक्टोज पचवणारं विकर असतं, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांनाही ते सोसतं, असा दावा अमेरिकेत जोरात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सोळा जणांवर हे तपासलं गेलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांना दूध सोसत नव्हतं त्यांना कच्चंही सोसलं नाही. पाश्चरीकरणाने थोडं क जीवनसत्त्व आणि थोडी बी गटातली जीवनसत्त्वं कमी होतात, पण क जीवनसत्त्वासाठी दूध पितो कोण? कॅल्शियम आणि प्रथिनं जागच्या जागी राहतात. दुसऱ्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथल्या खेड्यांत मोठ्या पाहण्या झाल्या आहेत. तिथे गोठ्यातलं न तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा कमी आढळला. तो निष्कर्ष गंभीरपणे घेण्यासारखा आहे. पण ज्यांनी तो काढला त्यांनीच मुलांना कच्चं दूध पाजायचा सल्ला दिलेला नाही, कारण त्याच दुधातून येणारे जंतू लहान मुलांचीच मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

ए२ दुधाचा धंदा त्यामानाने निरुपद्रवी, फक्त खिशाला जड. ए१ आणि ए२ या बीटा केसिन नावाच्या दुधातल्या प्रथिनाच्या दोन जाती. त्यांत फरक एका अमिनो आम्लाचा. ए१मुळे मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत काय काय होतं याची यादी विक्रेत्यांकडे असते, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा चाळला तेव्हा तिला कार्यकारणसंबंध दिसला नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनांवरून ए१-ए२चे दावे काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. गंमत अशी की म्हशीचं दूध ए२च असतं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून म्हशीचं दूध आणणारं घर हे महागडं प्रथिन पिढ्यान्‌पिढ्या साध्या भावात पीत आलं आहे.

आता दुधावरून दुधीवर. सकाळी उपाशीपोटी दुधी भोपळ्याचा रस प्यायची टूम आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरोघर गेली. हृदयविकार, मधुमेह, वजन, रक्तदाब, सगळ्यांवर एकच पेला. २०१०च्या सुमारास दिल्लीत एका मधुमेही गृहस्थाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला, तेव्हा केंद्र सरकारने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकरवी तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. पुण्यातही २०१८ मध्ये एका धडधाकट महिलेचा दुधीच्या रसानंतर मृत्यू झाला. लक्षणं ठरलेली: रस पोटात गेल्यावर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, उलटीतून रक्त, आणि रक्तदाब धडाधड खाली. यावर उतारा नाही. डॉक्टर सलाईन लावून आणि रक्तदाब सावरून वेळ काढतात, आणि बहुतेक जण वाचतात.

विष बाहेरून आलेलं नसतं. काकडी, दोडका, दुधी, भोपळा या वेलवर्गातल्या वनस्पती किडींपासून बचावासाठी कुकरबिटॅसिन नावाची अतिशय कडू द्रव्यं तयार करतात. माणसाने हजारो वर्षं कमी कडू फळांचं बी राखून ठेवलं, म्हणून आजचा दुधी गोडा लागतो. पण रानटी भाऊबंदाशी संकर झाला, किंवा वेलीला ऊन आणि पाण्याचा ताण बसला, तर एखादं फळ पुन्हा मूळ पदावर येतं. वरून काही ओळखू येत नाही. जर्मनीतल्या हायडनहाइममध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात एक वृद्ध गृहस्थ दगावले ते असंच झुकिनी खाऊन. बाजारातली नव्हे, परसात पिकलेली.

जुन्या बायका दुधी चिरायला घेतला की पहिली चकती जिभेला लावून बघत. काकडीचं देठाकडचं टोक कापून त्यावर घासत, फेस काढत. फेस काढण्याने कितपत साधतं हा प्रश्न वेगळा, पण चव घेणं ही तंतोतंत योग्य तपासणी आहे, आणि समितीनेही रस काढण्याआधी तेच करायला सांगितलं: तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. रसाच्या बाबतीत ही तपासणी दोन प्रकारे निकामी होते. त्यात आवळा, पुदिना, आलं, कधी कारलंही घालतात, मग कडूपणाचा पत्ता लागत नाही, म्हणून समितीने दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका असंही बजावलं. दुसरं कारण आपल्या डोक्यात आहे. भाजी कडू लागली तर आपण ताट सारतो. रस कडू लागला तर नाक दाबून गटागटा पितो, कारण कडू म्हणजे गुणकारी ही समजूत हाडीमासी खिळलेली. शिजवल्याने हे द्रव्य फारसं नष्ट होत नाही, तेव्हा श्रेय चुलीलाही नाही. भाजीचे चार घास आणि अख्ख्या दुधीचा पेलाभर रस यांतल्या मात्रेचा फरक आणि तोंडातली जीभ, एवढ्यावरच आजवर निभावलं.

मोडांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण मोड खरोखरच गुणाचे आहेत. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मोड येताना ते तयार होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने ग्रासलं होतं, आणि त्या काळात कडधान्यांचे मोड हा उपाय तपासला गेला. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी डेल्फ यांनी १९१९ मध्ये प्रयोग छापले, आणि मोड स्कर्व्ही रोखतात हे दाखवून दिलं. ताजी भाजी नाही, फळ नाही अशा ठिकाणी ओलं फडकं आणि मूठभर कडधान्य एवढ्यावर काम भागत होतं.

त्याच मोडांनी २०११ मध्ये जर्मनीत हाहाकार माजवला. मे महिन्यात हॅम्बुर्ग आणि आसपासच्या रुग्णालयांत रक्ती जुलाबाचे रुग्ण येऊ लागले. त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडं बंद पडत होती. जंतू होता ई. कोलायचा ओ१०४:एच४ हा दुर्मीळ प्रकार. चक्रावून टाकणारी बाब म्हणजे असे जंतू एरवी लहान मुलांना गाठतात, इथे रुग्ण बहुतांशी प्रौढ, आणि त्यांत बायका जास्त. आपल्या तब्येतीला जपणारी, सॅलड खाणारी माणसं. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. मग उपाहारगृहांच्या पाककृती आणि गिऱ्हाइकांच्या जेवणाची बिलं जुळवत तपास लोअर सॅक्सनीमधल्या बीनेनब्युटेल गावच्या एका सेंद्रिय शेतावर पोचला. तिथे मोड काढून विकत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने माग आणखी मागे नेला, तो इजिप्तहून आयात झालेल्या बियाण्याच्या एका खेपेपर्यंत. बी होतं मेथीचं. उद्रेक आवरेपर्यंत जर्मनीत ३,८१६ जण आजारी पडले, ८४५ जणांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला आणि ५४ माणसं मेली.

शेत सेंद्रिय होतं म्हणून हे घडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. दूषित बी कुठल्याही शेतावर गेलं असतं तरी तेच झालं असतं. पण सेंद्रिय असण्याने ते टळलंही नाही, आणि टळणार तरी कसं? मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना हवी असते. बियाच्या सालीच्या भेगेत दहा-वीस जंतू दडलेले असले, तर दोन दिवसांत त्यांचे लाखो होतात, आणि तोवर मोड ताजेतवाने, कुरकुरीत दिसत राहतात. आपण मटकीला मोड आणतो आणि मग तिची उसळ करतो. मिसळीच्या कटात तर ती उकळतेच. पाच मिनिटं वाफ दिली तरी जंतू मरतात आणि क जीवनसत्त्वही सगळं जात नाही. मोड कच्चेच खा, शिजवले की ते ‘मरतात’, ही शिकवण पाककृतींच्या व्हिडिओंनी पसरवलेली. मरू दे की, मटकी रुजवून झाड थोडंच लावायचं आहे!

या ‘जिवंत अन्ना’च्या कल्पनेमागे एडवर्ड हॉवेल या अमेरिकन माणसाचा सिद्धान्त आहे. शरीरात विकरांचा ठरावीक साठा असतो, शिजवलेलं अन्न तो खर्ची घालतं, कच्चं अन्न आपली विकरं बरोबर घेऊन येतं, असं तो म्हणे. ऐकायला पटतं. पण विकर म्हणजे प्रथिन, आणि जठरातलं आम्ल प्रथिनांची घडी मोडण्यासाठीच असतं. गाजरातली विकरं गाजरासाठी असतात. आपली आपण रोज नव्याने बनवतो. विकरांमुळे खरंच फरक पडतो अशी जागा गिळण्याच्या आधीची, विळीवर आणि पाट्यावर. लसूण ठेचली की तिच्यातलं विकर मोकळं होऊन ॲलिसिन तयार करतं. अख्खी पाकळी फोडणीत टाकली तर ते होत नाही, म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवावी. मुळा किसल्यावर नाकात जाणारा झणका, ब्रोकोली चिरल्यावर तयार होणारी गंधकाची संयुगं, हेही तसलंच काम.

विस्तवाने अन्नाला दिलेलं मात्र फार मोठं आहे. बेल्जियममध्ये १९९८ मध्ये एक नेमका प्रयोग झाला. ज्यांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटाबाहेर काढलेलं होतं अशा रुग्णांना अंडी दिली आणि किती प्रथिन न पचता बाहेर येतं ते मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं होतं, कच्च्यातलं ५१ टक्के. कच्ची अंडी दुधात घालून पिणारा पैलवान निम्मं प्रथिन गमावत होता म्हणायचं. टोमॅटो शिजला की त्यातलं लायकोपीन शरीराला सहज मिळतं, गाजराचं कॅरोटिनही तसंच. राजमा भिजवून नीट उकळला नाही तर त्यातल्या लेक्टिनने उलट्या होतात. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाने मुख्यतः कच्च्या अन्नावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेकांचं वजन गरजेपेक्षा खाली गेलं होतं, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. हे लोक उपाशी नव्हते. पोटभर खात होते, पण शरीराच्या हिशेबात ते पुरत नव्हतं.

नुकसानही होतं, ते लपवायचं कारण नाही. पालेभाजी उकळून पाणी ओतून दिलं की क जीवनसत्त्व आणि फोलेट मोरीत जातं. त्यासाठी पेरू, आवळा, लिंबू आहेत, आणि ताटाची डावी बाजू आहे: कोशिंबीर, चटणी, लिंबाची फोड. कच्च्याला आपल्या ताटात जागा आहेच, थोडीशी, आणि ती उगाच थोडी नाही. ज्या देशात रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक पिकतो, तिथे कच्च्याचा डोंगर ताटात घेताना जरा विचार करावा. ‘कोबीतला किडा मेंदूत जातो’ या घबराटीमागेही हेच आहे. हिरवी अळी बिचारी निर्दोष. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि तिथून भाजीवर आलेली पट्टकृमीची डोळ्यांना न दिसणारी अंडी मेंदूपर्यंतचा प्रवास घडवतात, आणि भारतात प्रौढपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचं ते एक मोठं कारण आहे.

सेंद्रियाचा प्रश्न वेगळा, आणि तिथे थट्टा करताना माझा हात आखडतो. सेंद्रिय हा शब्द शेती कशी केली याबद्दल आहे. आपल्याकडे राष्ट्रीय प्रमाणन कार्यक्रम २००१ पासून आहे. हंगामी पिकांसाठी जमिनीला साधारण दोन वर्षं, फळबागांना तीन वर्षं ‘रूपांतरा’त काढावी लागतात, मग प्रमाणपत्र. ‘जैविक भारत’चं चिन्ह त्यानंतर आलं. या सगळ्यात पौष्टिकतेची कुठलीही अट नाही, असायचं कारणही नाही. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमधल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये पन्नास वर्षांतलं संशोधन चाळलं, पोषणमूल्यांत अर्थपूर्ण फरक मिळाला नाही. स्टॅनफर्डच्या २०१२ च्या आढाव्यात २३७ अभ्यास होते. पोषणात ठोस फरक नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी. न्यूकॅसलच्या गटाने २०१४ मध्ये ३४३ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी निघालं. अँटिऑक्सिडंटमधली ही वाढ खाणाऱ्याच्या प्रकृतीत कुठे दिसते, हे मात्र त्या अभ्यासात नव्हतं.

दिसायला हवं ते इथे दिसायला हवं होतं: ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक बायकांचा नऊ वर्षं मागोवा घेतला गेला. २०१४ चा निष्कर्ष असा की सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं एकूण प्रमाण कमी नाही. स्तनाचा कर्करोग तर किंचित जास्तच. चार वर्षांनी फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या अभ्यासातून उलट बातमी आली, सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोग २५ टक्क्यांनी कमी, आणि त्यात रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोगही कमी. जगभर मथळे झळकले ते दुसऱ्याचे. अशा अभ्यासांतली अडचण कुठल्याही सेंद्रिय दुकानाच्या दारात उभं राहिलं तरी दिसते. आत शिरणारी माणसं जास्त शिकलेली, जास्त कमावणारी, सकाळी फिरायला जाणारी, सिगारेट कमी ओढणारी, तपासण्या वेळेवर करून घेणारी. संख्याशास्त्राने या गोष्टी वजा करायचा प्रयत्न होतो, पूर्ण वजा होत नाहीत. दोन मोठे अभ्यास एकाच कर्करोगाबद्दल परस्परविरुद्ध बोलतात, तेव्हा प्रत्यक्ष परिणाम असलाच तर फार बारीक असणार, एवढंच म्हणता येतं.

विकणाऱ्यांनी या बारीक धाग्याला लोंबकळत कुठवर जावं? कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत रस स्वच्छ करायला भेंडीचा चिकट रस घालायची पद्धत आहे, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस हे रसायन टाकायचीही. ही दुसरी पद्धत टाळलेला काळपट गूळ घेणं अगदी समंजसपणाचं. पण तो ‘सेंद्रिय गूळ, मधुमेह्यांना चालतो’ म्हणून विकला जातो, तेव्हा डोकं फिरतं. गुळात बहुतांश साखरच असते. उसाला शेणखत घातलं की युरिया, हे रक्तातल्या साखरेला कळत नाही. लाकडी घाण्याच्या तेलाची चव मला आवडते, शेंगदाण्याचा वास घरभर होतो, पण त्याच्याही एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी. आणि शेंगा बुरशी लागलेल्या असतील तर रिफायनिंगमध्ये निघून जाणारं अफ्लाटॉक्सिन इथे तेलात उतरू शकतं, म्हणून घाणेवाला शेंगा कुठल्या घेतो हे विचारणं लाकडाची जात विचारण्यापेक्षा महत्त्वाचं.

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, हाही गैरसमज. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कुणी शिकवायला नको. त्याचा शोध फ्रान्समधल्या मेडॉकच्या रस्त्याकडेला लागला. येणारे-जाणारे द्राक्षं चोरतात म्हणून बागायतदार कडेच्या वेलींवर निळंशार मिश्रण शिंपडत, आणि केवडा या बुरशीरोगाच्या साथीत नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. हे तांबं सेंद्रिय शेतीत आजही चालतं, पण ते जमिनीत साचतं आणि गांडुळांना मानवत नाही, म्हणून युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. उलट बाजूने, ब्रूस एम्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९० मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: आपण खातो त्या कीडरोधक द्रव्यांपैकी ९९.९९ टक्के, वजनाने, वनस्पतींनी स्वतःच बनवलेली असतात. दुधीचं कुकरबिटॅसिन त्यांतलंच. एम्सच्या हिशेबाचा आधार घेऊन कीटकनाशक कंपन्यांना निर्दोष ठरवणारेही निघाले. तेही तितकंच चूक, कारण कंपन्यांचं विष सर्वांत आधी ज्याच्या अंगावर पडतं तो खाणारा नसतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फार उंच वाढली होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर गमछा, आणि फवारा डोक्याच्या वरच्या पानांवर. शेकडो शेतमजूर आणि शेतकरी रुग्णालयात दाखल झाले, कुणाची दृष्टी अधू झाली, सुमारे वीस जण दगावले. कापूस कुणी खात नाही. पौष्टिकतेच्या कुठल्याही अभ्यासात, कर्करोगाच्या कुठल्याही आलेखात ही माणसं येत नाहीत. विषारी फवारणी कमी करणाऱ्या शेतीच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि सेंद्रिय मालाच्या जाहिरातीत तो कुठे नसतो. तिथे दिसतं हसरं, गोबऱ्या गालांचं शहरी बाळ.

खाणाऱ्याला आपल्या ताटातल्या अंशांची काळजी असेल तर तीही रास्त आहे, पण तिचं उत्तर पाटीत नसून प्रयोगशाळेत मिळतं. युरोपला जाणारी आपली साधी, सेंद्रिय नसलेली द्राक्षं बघा. बागेची नोंदणी होते, काढणीपूर्वी नमुना घेतला जातो, अंश तपासले जातात, अहवाल आल्याशिवाय कंटेनर हलत नाही. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या व्यवस्थेच्या मध्यभागी आहे. तरीही २०१० मध्ये युरोपात आपले कंटेनर अडकले, कारण तिथे क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं रसायन सापडलं आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच. पुढे ते यादीत आलं. आपल्या बाजारात हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षांना अशी तपासणीच नसते. चौपट भावाच्या ‘रसायनमुक्त’ पेटीला तरी आहे का, हे दुकानदाराला विचारून पाहावं. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तपासणीचा अहवाल दाखवणारे काही जण भेटतात. बाकीचे शेतकऱ्याचा फोटो दाखवतात.